गाडीचा स्टिरिओ आणि खिशातला फोन

नव्या गाडीत गाणे, बातमी किंवा फोनवरचे बोलणे स्पीकरपर्यंत पोचण्याच्या आज पाच वाटा आहेत: रेडिओ, यूएसबी, ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले ही फोनची जोडणी आणि कंपनीने गाडीतच बसवलेले सिम. ऑक्स ही सहावी वाट बुजत चालली आहे आणि सीडी तर भारतातल्या नव्या गाड्यांतून जवळपास गेलीच. यांतले काय मिळणार, हे गाडीपेक्षाही तिच्या व्हेरिएंटवर ठरते. एकेक सुविधा निवडून गाडी बनवून घेण्याची सोय भारतात महागड्या गाड्या सोडल्या तर नाही. इथे सुविधांचे गठ्ठे विकले जातात. मोठा टचस्क्रीन हवा असेल तर त्याच्याबरोबर येणारी अलॉय व्हील आणि मागचा वायपर यांचेही पैसे मोजावे लागतात. त्यामुळे बुकिंगच्या फॉर्मवर सही करण्याआधी एकच गोष्ट नीट ठरवायची असते: काय कारखान्यातूनच बसून यायला हवे आणि काय नंतर बाजारातून बसवून घेतले तरी चालेल.

हे ठरवणे अवघड जाते ते वयातल्या फरकामुळे. भारतात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि गाणी ऐकण्याची साधने त्याहून लवकर बदलतात. फिलिप्सने 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली. सीडी 1982 मध्ये बाजारात आली आणि दोनच वर्षांत पायोनिअरने ती गाडीत बसवली. 2001 च्या आयपॉडनंतर डॅशबोर्डवर ऑक्सचे भोक आले. 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून हेडफोनची खाच काढून टाकली, पुढे इतरांनीही तेच केले, आणि ऑक्सची केबल लावायला फोनला जागाच उरली नाही. 2023 मध्ये आयफोन 15 ला यूएसबी-सी आले, तेव्हा आधीच्या अकरा वर्षांच्या लाइटनिंग केबली नव्या फोनसाठी निरुपयोगी झाल्या. ज्याने डॅशबोर्डात खास सीडी चेंजर असलेली गाडी हौसेने घेतली, त्याच्याकडे काही वर्षांनी उत्तम चालणारी गाडी आणि बिनकामाचा चेंजर उरला. म्हणून ज्या सोयीत डोके फोनमध्ये राहते आणि गाडी फक्त पडदा, माइक व स्पीकर पुरवते, ती सोय जास्त टिकते. फोन तीन-चार वर्षांनी बदलतोच.

रेडिओ

रेडिओला फोन लागत नाही, डेटा लागत नाही, वर्गणी लागत नाही. तो जवळपास प्रत्येक म्युझिक सिस्टीममध्ये असतो, आणि म्हणूनच घेताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. 88 ते 108 मेगाहर्ट्झवरचे एफएम प्रक्षेपण साधारण सरळ रेषेत जाते. शहराबाहेर पन्नास-साठ किलोमीटरवर ते खरखरू लागते आणि घाटात डोंगर आडवा आला की लुप्त होते. पुण्याचे केंद्र लावून महाडकडे निघालेल्याला हा अनुभव येतो. मिडियम वेव्हच्या, म्हणजे एएमच्या, लहरी जमिनीला धरून लांब जातात आणि रात्री त्याहूनही दूर पोचतात, पण त्यांना विजेच्या गोंगाटाची बाधा लवकर होते. विजेवर चालणाऱ्या गाडीत मोटर आणि तिला वीज पुरवणारी यंत्रणा असाच गोंगाट करतात. ते कारण पुढे करून काही कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून एएम काढायला सुरुवात केली. फोर्डने 2023 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक नव्या गाड्यांतून एएम काढण्याचे ठरवले होते, पण विरोध झाल्यावर त्याच वर्षी निर्णय मागे घेतला. आकाशवाणीच्या बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम मिडियम वेव्हवर ऐकणाऱ्या घराने विजेची गाडी घेताना टेस्ट ड्राइव्हमध्ये एएम लावून पाहावे, तेही गाडी चालू असताना. उभ्या गाडीत सगळेच स्वच्छ ऐकू येते.

आकाशवाणीने मिडियम वेव्हवर डीआरएम या अंकीय पद्धतीची तीसहून अधिक प्रक्षेपण केंद्रे उभारली आहेत. या पद्धतीत त्याच लहरींवर एफएमच्या तोडीचा स्वच्छ आवाज येतो. साधे डीआरएम रेडिओ दुकानात सहज मिळत नाहीत, मात्र भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांत तो कंपनीकडूनच बसून येतो. ब्रोशरच्या बारीक अक्षरांत ‘डीआरएम’ असे लिहिलेले असेल तर ती फुकट पदरात पडणारी चांगली गोष्ट आहे. ती नसली म्हणून व्हेरिएंट बदलण्याची गरज नाही.

यूएसबी आणि पेनड्राइव्ह

शहरी ग्राहक पेनड्राइव्ह विसरला, पण गाडी एकट्याची नसते. वडिलांना अभंग, आजीला कीर्तन आणि लांबच्या प्रवासात सगळ्यांना जुनी नाट्यगीते हवी असतात. नेटवर्क नसलेल्या ताम्हिणी घाटातही पेनड्राइव्ह न अडखळता वाजतो. तेव्हा पहिली चौकशी अशी, की गाडीतली कोणती यूएसबी खाच गाणी वाचते. चार खाचा दिसल्या तरी बहुधा एकच, पुढची, म्युझिक सिस्टीमला जोडलेली असते. मागच्या प्रवाशांसाठी दिलेल्या खाचा बहुतेक वेळा नुसत्या चार्जिंगच्या असतात. चार्जिंगच्या खाचेवर पुष्कळदा बॅटरीचे किंवा विजेचे चिन्ह असते, पण चिन्हावर विसंबण्यापेक्षा पेनड्राइव्ह लावून पाहणे खात्रीचे. नव्या गाड्यांत फक्त सी प्रकारच्या खाचा येऊ लागल्या आहेत. तिथे जुना चपटा पेनड्राइव्ह बसत नाही. एक छोटा जोड लागतो, आणि तो जोड डेटा नेणारा हवा.

पेनड्राइव्हची मांडणी, म्हणजे फॉरमॅट, हीदेखील अडचण ठरते. बऱ्याच गाड्या एफएटी32 ही जुनी मांडणी हमखास वाचतात. मोठ्या पेनड्राइव्हवर तयार येणारी एक्सएफएटी प्रत्येक गाडी वाचेलच असे नाही. दुसरा घोळ गाण्यांच्या क्रमाचा. ‘गीतरामायणा’ची 56 गीते पुणे आकाशवाणीवरून 1955-56 मध्ये वर्षभर क्रमाने प्रसारित झाली आणि ती क्रमाने ऐकण्यातच कथा आहे. गाडीतले यंत्र मात्र फायली नावाप्रमाणे लावते. फायलींना नुसते 1, 2, 3 असे आकडे दिले तर काही यंत्रे 1 नंतर 10 आणि 11 वाजवतात, 2 चा नंबर पुष्कळ उशिरा येतो. 01, 02 असे दोन अंकी आकडे दिले की रामकथा सरळ चालते. देवनागरी नावांचेही तसेच आहे. काही यंत्रांच्या पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. ज्याला पडद्यावर गाण्याचे नाव वाचून निवड करायची आहे, त्याने शोरूममध्ये मराठी नावाच्या दोन फायली असलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा. सेल्समनला हा प्रश्न आधी कोणी विचारलेला नसतो, त्यामुळे उत्तर यंत्राकडूनच घ्यावे लागते.

ब्लूटूथ

ब्लूटूथ आता अगदी साध्या सिस्टीममध्येही असते, म्हणून ‘आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ब्लूटूथमध्ये वेगवेगळी कामे वेगवेगळ्या ठरावांनी चालतात. फोनवरचे बोलणे एका ठरावाने जाते, दोन कानांचे संगीत दुसऱ्याने, आणि ‘पुढचे गाणे’ हा हुकूम तिसऱ्याने. स्वस्तातल्या एखाद्या यंत्रात बोलणे चालते आणि संगीत चालत नाही, किंवा गाणे वाजते पण त्याचे नाव पडद्यावर येत नाही, ते यामुळे. बोलण्याच्या जुन्या ठरावात आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतले जातात, नव्यात 16,000. कानाला हा फरक लगेच कळतो. जुन्यात माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

संगीतासाठी ब्लूटूथ आवाज आवळून पाठवते. सीडीवरच्या संगीताला सेकंदाला 1,411 किलोबिट लागतात. ब्लूटूथच्या एसबीसी या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत चांगल्या दर्जालाही साधारण 328 किलोबिटच असतात. आयफोन एएसी ही पद्धत वापरतात. सोनीची एलडीएसी पद्धत 990 किलोबिटपर्यंत जाते, पण ती वापरायची तर फोन आणि गाडी दोघांनाही यावी लागते, आणि आयफोनला ती येत नाही. गाडीत ऐकणाऱ्याने या आकड्यांपायी वरचे व्हेरिएंट घेऊ नये. काँक्रीटच्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला टायरचा घरघराट एवढा असतो की हा बारकावा त्यात बुडतो. त्याच पैशात दारातले स्पीकर चांगले घेतले तर फरक पहिल्या गाण्यात ऐकू येतो.

ब्लूटूथची खरी परीक्षा माइकमध्ये असते. माइक छतावरच्या दिव्याजवळ किंवा स्टीअरिंगच्या आसपास दडवलेला असतो, आणि एसीचा झोत त्यावर आला की पलीकडच्या माणसाला फक्त वारा ऐकू येतो. चालकाला स्वतःला याचा पत्ता लागत नाही. टेस्ट ड्राइव्हमध्ये एसी पूर्ण वेगावर ठेवून घरी फोन करावा आणि समोरच्याला काय ऐकू येते ते विचारावे. ही चैनीची बाब नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार गाडी चालवताना हातातला फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. 2020 च्या नियमदुरुस्तीने फक्त रस्ता पाहण्यासाठी फोन वापरण्याची मुभा ठेवली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. स्टीअरिंगवरची बटणे आणि चांगला माइक यांचा म्हणूनच आग्रह धरावा.

फोनचा पडदा गाडीवर

ॲपलने कारप्ले आणि गूगलने अँड्रॉइड ऑटो 2014 मध्ये जाहीर केले. दोन्हींत नकाशा, गाणी आणि निरोप फोनमध्येच चालतात आणि त्यांचे मोठ्या बटणांचे रूप गाडीच्या पडद्यावर उमटते. फोन बदलला, ॲप सुधारले, की गाडीचा पडदाही आपोआप अद्ययावत होतो. लांबच्या हिशेबात हीच सर्वांत शहाणी खरेदी ठरते, आणि पैसे एकाच सुविधेवर घालायचे असतील तर ते इथे घालावेत.

यात केबलचे आणि बिनकेबलचे असे दोन प्रकार आहेत. बिनकेबलच्या प्रकारात फोन आणि गाडी ब्लूटूथवर ओळख पटवतात आणि मग खरे काम वाय-फायवर, बहुधा 5 गिगाहर्ट्झवर, चालते. वाय-फायला वाव भरपूर असल्याने आवाज ब्लूटूथइतका आवळावा लागत नाही. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनना यासाठी 11 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. गाडीत बसताच खिशातला फोन आपोआप जोडला जातो, हे रोज दहा मिनिटांच्या फेऱ्या करणाऱ्याला फार सुखाचे. पण मे महिन्यात नागपूरहून निघालेल्या गाडीत फोन एकाच वेळी नकाशा चालवतो, वाय-फाय चालवतो आणि वायरलेस चार्जिंगच्या पट्टीवर पडून तापतो. तापला की चार्जिंग मंदावते किंवा थांबते. लांबच्या प्रवासाला केबलच बरी. ती चांगली, आखूड आणि डेटा नेणारी असावी. ‘अँड्रॉइड ऑटो सारखे तुटते’ या तक्रारीमागे पुष्कळदा चार्जरबरोबर आलेली जुनी केबल असते.

वरचे व्हेरिएंट म्हणजे सगळेच वरचे, हा समज इथे फसवतो. ह्युंदाई आणि किया यांच्या भारतातल्या अनेक गाड्यांत काही वर्षे असे होते की 8 इंची पडद्याच्या मधल्या व्हेरिएंटमध्ये ही जोडणी केबलशिवाय होई, आणि 10.25 इंची पडद्याच्या महागड्या व्हेरिएंटला केबल लावावी लागे. दीड-दोन लाख जास्त मोजलेल्यांना हे गाडी घरी आल्यावर कळले. उलट, केबलची सोय कारखान्यातून असेल तर तिला बिनकेबल करणारी छोटी डबी बाजारात काही हजारांत मिळते. डबी चालण्यासाठी गाडीत केबलची कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो मुळात असावी लागते. म्हणजे ‘वायरलेस’ या शब्दासाठी व्हेरिएंट चढण्यात अर्थ नाही, जोडणी मुळातच नसेल तर मात्र चढण्याचा विचार करावा.

काही कंपन्यांना आपला पडदा फोनच्या हाती द्यायचा नाही. जुलै 2025 मध्ये मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात दालन उघडणाऱ्या टेस्लाने या दोन्ही जोडण्या वर्षानुवर्षे बाहेर ठेवल्या. जनरल मोटर्सने 2023 मध्ये आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांतून त्या काढण्याचे जाहीर केले. अशा गाडीत गाण्यांची ॲप गाडीतच असतात आणि ती गाडीतल्या सिमवर चालतात. भारतात 2019 मध्ये आलेल्या एमजी हेक्टरने ‘इंटरनेट कार’ या नावाने सिमची ही कल्पना घरोघरी पोचवली. या सिमची सेवा सुरुवातीची काही वर्षे गाडीच्या किमतीत धरलेली असते, मग वर्गणी सुरू होते. किती वर्षे फुकट, नंतर वर्षाला किती आणि वर्गणी थांबवली तर गाण्यांबरोबर आणखी काय बंद पडते, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. नेटवर्कची पिढी बदलली की सिमही निकामी होऊ शकते. अमेरिकेत 2022 मध्ये 3जी बंद झाले तेव्हा चांगल्या चालत्या गाड्यांच्या जोडसेवा एकाएकी मेल्या. फोनच्या जोडणीला ही भीती नाही.

ऑक्सची खाच एखाद्या गाडीत असलीच तर तिचा उपयोग जुन्या आयपॉडपुरता. फोन त्याच गाडीत चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणे लावले तर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी-उतरणारी बारीक शीळ ऐकू येते. तो दोष स्टिरिओचा नसून विजेच्या सामाईक वाटेचा असतो.

व्हेरिएंट की बाहेरची फिटिंग

पूर्वी स्टिरिओ ठरावीक मापाचे असत: दर्शनी रुंदी 180 मिलिमीटर, उंची 50 किंवा 100. जुने काढून नवे बसवणे हे तासाभराचे काम होते. आताचे पडदे डॅशबोर्डच्या आकारात ओतलेले असतात आणि त्यांच्यातूनच मागचा कॅमेरा, एसी, कधी गाडीच्या इतर सेटिंग चालतात. ते बदलणे जवळपास अशक्य. म्हणून एक उफराटी गोष्ट घडते. ज्या बेस मॉडेलमध्ये स्टिरिओची जागा मोकळी असते, त्यात बाहेरचा चांगला टचस्क्रीन बसवणे सोपे असते. मधल्या व्हेरिएंटमध्ये कंपनीचा छोटा, कारप्ले नसलेला स्टिरिओ आधीच बसलेला असेल तर तो घशाशी अडकतो.

बेस मॉडेलमध्ये स्पीकरपर्यंतच्या वायरी आधीच ओढलेल्या आहेत का, हे विचारावे. असतील तर फिटिंग कपलर टू कपलर होते, म्हणजे जोड जोडात बसतो आणि वायर कापावी लागत नाही. वायर कापून जोडणाऱ्या दुकानातले काम स्वस्त पडते, पण त्या भागाची वॉरंटी कंपनी नाकारू शकते. एरवीही, सोललेल्या वायरीवर टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात त्रास देतो आणि वाईट प्रसंगी आग लावतो. स्टीअरिंगवरची बटणे मात्र बाहेरून बसवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यांची तार एअरबॅगच्या तारेसोबत स्टीअरिंगच्या आतल्या गुंडाळीतून जाते, आणि तिथे हात घालणे म्हणजे सुरक्षेच्या यंत्रणेत हात घालणे.

पैशांचा हिशेब एक्स-शोरूम फरकावर थांबत नाही. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांत 12 टक्के रस्ता कर पडतो, आणि तो पूर्ण किमतीवर. 9 लाख 90 हजारांच्या गाडीचा कर 1,08,900 रुपये होतो. टचस्क्रीनसाठी 30 हजार जास्त देऊन 10 लाख 20 हजारांचे व्हेरिएंट घेतले तर कर 1,22,400 होतो. तीस हजारांचा पडदा साडेत्रेचाळीस हजारांना पडतो, वर विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओवर रस्ता कर नाही. पण त्याचा विमा हवा तर तो इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत वेगळा नोंदवून हप्ता भरावा लागतो. नोंद नसेल तर चोरीनंतर दाव्यात त्याची किंमत धरली जात नाही. शोरूमच्या ॲक्सेसरीच्या यादीतूनच स्टिरिओ घेतला तर भाव चढा असतो, पण बिल, वॉरंटी आणि विम्याची नोंद एकाच टेबलावर होते. घासाघीस करायची असेल तर ती बुकिंगपूर्वी करावी. टोकन दिल्यावर सूट आटते.

बुकिंग फॉर्मवर मॉडेलच्या नावाबरोबर व्हेरिएंटचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. एकाच नावामागे ‘ओ’, ‘प्लस’ किंवा ‘एस’ लागले की पडदा बदलतो. ब्रोशर छापल्यानंतरही कंपन्या सुविधा कमी-जास्त करतात, आणि तेवढा हक्क त्या तळटीपेत राखून ठेवतात. म्हणून छापील पानापेक्षा प्रत्यक्ष वाट्याला आलेली गाडी पाहणे महत्त्वाचे. नोंदणीपूर्वीच्या तपासणीत, ज्याला शोरूमच्या भाषेत पीडीआय म्हणतात, रंगावरचे ओरखडे पाहताना दहा मिनिटे आवाजासाठी ठेवावीत. बॅलन्स एकेका बाजूला आणि फेडर पुढे-मागे सरकवून प्रत्येक स्पीकर वेगळा ऐकावा, घरातले दोन्ही फोन आळीपाळीने जोडावेत, पुढच्या खाचेत स्वतःची केबल आणि पेनड्राइव्ह लावावा, एफएमची चार केंद्रे फिरवावीत आणि मागच्या खाचांत चार्जिंग होते का ते बघावे. दारात खरखरणारा स्पीकर नोंदणीआधी दाखवून दिला तर शोरूम तो तिथल्या तिथे बदलून देते. नंतर त्यासाठी सर्व्हिसची वेळ घ्यावी लागते.